खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. दिवस कलला की बैलं धुऊन आणायची, गोठ्यात बांधायची आणि तूप-हळद लावून त्यांचे खांदे मळायचे. वर्षभर जू जिथं घासतं ती जागा नेमकी. मग कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. निलंगा तालुक्यातलं मांजराकाठचं आमचं गाव. तिथं ह्या कामाचा मान आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सगळं एकट्या उजव्या हातानं करायचे. डावा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला. बैलाचं झालं की हात पुसत आईला म्हणायचे, "वैनी, उरलं आसंल तर आमच्या बी खांद्याला लावा जराक."

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण त्या हसण्यामागचं मला एकट्याला माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आण्णांचा खांदा कसा गेला हे सांगायचं तर 1969 पासून सुरुवात करावी लागते. त्या साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला भरलं. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव. गदा कोण उचलतं हे बघायला गावोगावची माणसं बैलगाड्या जुंपून गेली. गदा उचलली ती हरिश्चंद्र बिराजदारांनी. रामलिंग मुदगडचा गडी, आमच्याच निलंगा तालुक्यातला! निजामी राज्य जाऊन एकवीस वर्षं झालेली. मराठवाड्याची माणसं पुण्या-कोल्हापूरकडं मागासलेली म्हणून हिणवली जायची. त्यात आपल्या मातीतला पोरगा साऱ्या महाराष्ट्राला भारी ठरला. आण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्या दिवशी लातुरातून परत आले ते घरात जेवलेच नाहीत म्हणे. देवळामागच्या तालमीत जाऊन हौद उकरत बसले.

आमच्या गावची तालीम म्हणजे चार भिंती, वर पत्रे, कोनाड्यात मारुती. हौदातली माती मात्र राजेशाही. लाल माती चाळून घ्यायची, त्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर. ज्यांच्या घरात पोराला दूध मिळायची मारामार, ते मातीला ताक पाजायचे. ह्या मातीनं अंगाला जखम चिघळत नाही अशी समजूत होती. कातडीपुरती ती खरी असेलही. पण कातडीच्या आत जे तुटतं त्याला माती काय करणार?

पुढच्या वर्षी आण्णा कोल्हापूरला गेले. तेव्हा आमच्या भागातल्या पैलवानाला एकच वाट होती, लातूरहून सुटणारी छोटी रेल्वे. बार्शी लाईट म्हणायचे तिला. 1911 ला ती लातूरला पोचली आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. कुर्डुवाडी, पंढरपूर करत ती मिरजेला टेकायची, तिथून मोठ्या गाडीनं कोल्हापूर. वारकरी त्याच गाडीत, हमाल त्याच गाडीत आणि काखेत लंगोटाचं बोचकं घेतलेली पोरंही त्याच गाडीत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान बघायचं, तिथं एकदा तरी लढायचं, एवढंच डोक्यात.

वर्षभरात आण्णांचं अंग भरलं. आणि 1971 च्या उन्हाळ्यात, तालमीतल्या साध्या लढतीत, समोरच्यानं ढाक मारली. आण्णा पडताना डावा हात टेकवायला गेले. हात मागं गेला, वर अंगाचा भार, त्यावर दुसऱ्याच्या अंगाचा भार. खांदा निखळला. वस्तादांनी त्यांना उताणं झोपवलं, काखेत आपली टाच रोवली आणि हात धरून हळूहळू ओढला. खट्ट झालं आणि खांदा बसला. हळदीचा लेप, गळ्यात झोळी. वस्तादांनी बजावलं, "दोन महिने मातीत पाय ठेवायचा नाही." आण्णा तिसऱ्या आठवड्यात हौदात उतरले.

का उतरले? हा प्रश्न मी त्यांना फार उशिरा विचारला. म्हणाले, "बापानं ज्वारीचं पोतं इकून पैशे धाडले व्हते. दोन महिने बसून खायचं? त्या पैशाला काय तोंड दाखवू?"

आता इथं जरा थांबून खांदा म्हणजे काय ते सांगतो. लिंबू-चमचा शर्यत सगळ्यांनी खेळलेली आहे. आपला खांदा म्हणजे चमच्यातलं लिंबूच. दंडाच्या हाडाचं गोल टोक मोठं आणि ज्या खोबणीत ते बसतं ती उथळ. कंबरेचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही, पण तो फिरतोही कमी. खांदा चारी अंगांनी फिरतो, गोफण फिरवतो, पाटी उचलतो, झाडाला हात घालतो. त्या मोकळेपणाची किंमत म्हणून तो अंगातला सगळ्यात जास्त निखळणारा मोठा सांधा झाला. चमच्याच्या काठाला एक मऊ कड असते, तिच्याभोवती बंध असतात, वरून स्नायू. लिंबू पहिल्यांदा बाहेर पडतं तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या बाजूनं पडतं आणि पडताना ती कड फाडून जातं. 1923 साली बँकार्ट नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं हे नेमकं दाखवून दिलं. वारंवार खांदा निसटतो तो ह्या फाटलेल्या कडेमुळं, म्हणून ती परत हाडाला शिवली पाहिजे. आजही त्या जखमेला त्याचंच नाव आहे.

शेतकऱ्याला हे दुसऱ्या शब्दांत कळतं. बांध एकदा फुटला की पुढच्या पावसाला पाणी तिथूनच वाट काढतं. वरून चार पाट्या माती टाकून भागत नाही. आणि वय जितकं कोवळं, तितका तो पुन्हा फुटायचा धोका मोठा. विशीतल्या पोराचा खांदा कुस्ती-कबड्डीत एकदा निखळला आणि तो तसाच खेळत राहिला, तर दुसऱ्यांदा निखळण्याचीच शक्यता जास्त.

वस्तादांची टाचेची रीतही काही अडाणीपणा नव्हता. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिसनं हीच रीत लिहून ठेवली आहे. ज्यांचा खांदा सारखा निसटतो त्यांच्या काखेत तापल्या लोखंडाचे डाग द्यावेत, असंही तो सांगतो. आणि त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. अंगानं उत्तम असूनही कित्येकांना ह्या एका दुखण्यापायी आखाडा सोडावा लागला. हे वाचलं तेव्हा मला आण्णांचा खांदा आठवला. त्यावर बिब्ब्याचे पाच काळे डाग आहेत. ग्रीस कुठं आणि मांजराकाठ कुठं! पण तरुण पैलवानाचं दुखणं तेच आणि त्यावरची आगही तीच.

1972 ला पाऊस गेला. बाहत्तरचा दुष्काळ आमच्या भागात सांगायची गरज नाही, ज्यांनी मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली त्यांच्या जिभेवर तो अजून आहे. आण्णा कोल्हापूर सोडून परत आले आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागले. खडीची पाटी डोक्यावर चढवताना खांदा दुसऱ्यांदा निखळला. मुकादमाला कळलं तर हजेरी जाईल म्हणून झाडाआड जाऊन कुणाकडून तरी बसवून घेतला. त्याच साली आमची बैलजोडी मोडली. चाऱ्यावाचून एक बैल गेला. एका बैलावर शेत होत नाही. आजोबा दोन वर्षं सावडीवर औत चालवत राहिले, आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. ज्याचं औत त्याची पेरणी आधी. आमची पेरणी दोन्ही वर्षं उशिरा झाली.

1974 च्या मार्गशीर्षात आण्णा मला घेऊन माळेगावच्या जत्रेला निघाले. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं माळेगाव. जनावरांचा बाजार, घोडे, गाढवं, उंट, तमाशाच्या राहुट्या आणि कुस्त्यांची दंगल. माझं आजोळ कंधार तालुक्यात, म्हणून आधी तिथं आणि तिथून मामाच्या बैलगाडीनं जत्रेला. मी दहा वर्षांचा. कपडे सांभाळायला पोरगं पाहिजे म्हणून नेलं, असं मला वाटलं होतं.

मैदानात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, मग नारळाच्या, मग पैशाच्या. आण्णांची जोड नांदेडकडच्या एका उमद्या गड्याशी लागली. एकशे एक रुपये आणि फेटा. मैदानात जाण्याआधी आण्णांनी मला बाजूला घेतलं. "माझा डावा हात वर घे बरं हळूहळू." मी घेतला. कानाच्या वर जायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले आणि मान फिरवली. म्हणाले, "बास. एवढाच जातो. कुणाला बोलू नगंस."

लंगोटावरच्या माणसाला काही लपवता येत नाही असं आपल्याला वाटतं. पट्टी नाही, कापड नाही. पण पैलवान उघड्या अंगानंच सगळ्यात जास्त लपवतो. आण्णांनी खडाखडी केलीच नाही. लांबली असती तर खांदा उघडा पडला असता. हलगी चढायच्या आत ते घुसले आणि एकलांगी डावावर गडी चितपट. लोक उठून ओरडले. पंचांनी विजयी गड्याचा हात धरून वर केला. त्यांनी डावा हात धरला.

मी अगदी समोर होतो. आण्णांचा चेहरा हसरा होता तो तसाच थिजला. खांद्याची गोलाई गेली, तिथं कोपरा आला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. हलगी वाजत होती, लोकांनी त्यांना उचलून घेतलं, कुणी फेटा बांधला. तशाच निखळलेल्या खांद्यानं आण्णांनी मैदानाला फेरी मारली, उजव्या हातानं बक्षीस घेतलं, खंडोबाच्या नावानं भंडारा लावून घेतला.

मग आम्ही गाडीशी आलो. आण्णा गाडीच्या साटीवर पालथे झोपले, डावा हात खाली सोडला. "घागर भरून आण. कान बांध माझ्या मनगटाला. आन् इकडं बघू नगंस." मी घागर बांधली. ती हाताला लोंबत राहिली. इकडं बघू नगंस म्हणाले तरी मी बघत होतो. घाम टपटप पडत होता, तोंडात धोतराचा बोळा. बऱ्याच वेळानं तोच आवाज, खट्ट. आण्णांनी श्वास सोडला. हाताला वजन बांधून खांदा आपोआप बसू द्यायची ही रीत डॉक्टरही वापरतात, हे मला पुढं कळलं. त्यांना ती कुणी शिकवली कोण जाणे. एवढंच कळलं, की हे पहिल्यांदा नव्हतं. मला कपड्यांसाठी नव्हे, घागरीसाठी आणलं होतं.

घरी जाताना खंडोबाची आण घातली, बोलायचं नाही. मी बोललो नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी आणखी चार मैदानं मारली. ते पैसे आणि थोडी उसनवारी मिळून चैत्रात बैल आला. तांबडा, खिलार नव्हे पण कामाचा. जोडी लागली. त्या साली आमची पेरणी वेळेवर झाली. आजोबा सगळ्यांना सांगत, "माज्या पोराच्या मनगटाचा बैल हाय ह्यो." मनगटाचा नव्हता, खांद्याचा होता.

1976 च्या महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत आण्णांची शेवटची कुस्ती झाली. तोवर खांदा झोपेत कूस बदलतानाही निसटायला लागला होता. समोरच्या गड्याला कुठून तरी कळलेलं असावं. त्यानं सुरुवातीपासून तोच हात धरला. खांदा गेला तरी आण्णा एका हातानं लढत होते. शेवटी त्या गड्यानंच हात सोडला, मागं सरला आणि पंचांना म्हणाला, "बरोबरीत सोडवा." बरोबरीत सुटली. आण्णांना तो गडी पुढं कधी भेटला नाही. पण त्याचा विषय निघाला की म्हणायचे, "त्यानं हात धरला तवा राग आला न्हाई. सोडला तवा आला."

पुढच्याच वर्षी बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला चितपट केलं. सतपाल तेव्हा भारी बहरात होता. बातमी आली तशी गावात साखर वाटली. आण्णांनी पेपर तीनदा वाचून घेतला माझ्याकडून आणि गोठ्यात निघून गेले. बिराजदार पुढं रुस्तुम-ए-हिंद म्हणून आणि मग साऱ्या तालमींचे 'मामा' म्हणून ओळखले गेले. पुण्यात त्यांनी पोरं घडवली. लातूरच्याच काका पवारांना 1998 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि बिराजदारमामांच्या हाताखाली वाढलेल्या बीडच्या राहुल आवारेनं 2018 ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. मामा ते बघायला नव्हते, 2011 मध्येच गेले. हा इतिहास पुस्तकात येतो आणि यायलाच पाहिजे. पण एका मामांच्या मागं त्याच मातीत उतरलेले शेकडो आण्णा होते. त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. ती त्यांच्या खांद्यात आहे.

आता अलीकडचं. माझ्या भावाचा मुलगा कबड्डी खेळतो. आमच्या भागात आता तालमी ओस, पण मॅटवरच्या कबड्डीचं वेड घरोघर. कबड्डीत खांद्याला कुस्तीहून कमी धोका नाही. चढाई करणारा हात लांबवून झेपावतो, आणि त्याच लांबवलेल्या हाताला चारजण लोंबतात. 2023 च्या दिवाळीनंतर पोराचा खांदा सरावात निखळला. कुणीतरी बसवला. पंधरवड्यानं पुन्हा. पोरानं घरात सांगितलं नाही. जिल्ह्याच्या निवडीला महिना राहिला होता.

कळलं ते आण्णांना. पोरगा अंगणात सदरा घालत होता, डावी बाही आधी, हात खालूनच सरकवत. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसतं. आण्णा बाजेवरून उठले, त्याच्यामागं गेले आणि त्याचा हात धरून हळूहळू वर-मागं नेला. पोरानं डोळे मिटले आणि मान फिरवली.

"कितींदा?" आण्णांनी विचारलं.

"आबा, काही नाही ते."

"कितींदा रे?"

"दोनदा."

पोरानं मग मोबाईल काढून आम्हाला समजवायला सुरुवात केली. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. 2018 च्या मोसमात यू मुंबाकडून चढाईचे 218 गुण, लोक बाहुबली म्हणतात त्याला. प्रो कबड्डीच्या आठव्या मोसमात त्याचाही खांदा दुखावला, पण पुढच्या मोसमात परत उतरला की! आण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "आन् मदी काय केलं त्यानं? त्यो मोसम खेळला का?"

पोरगा गप्प झाला. मोसम त्यानं जवळजवळ सगळा सोडला होता.

आम्ही त्याला लातूरला नेलं. डॉक्टरांनी हात वर-मागं नेऊन जी तपासणी केली ती हुबेहूब आण्णांनी अंगणात केलेली. मग एमआरआय. कड फाटलेली. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून शिवता येईल, पण पाच-सहा महिने कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. निवड गेली म्हणजे गेलीच. वयोगटातली त्याची ती शेवटची संधी होती. पोरगा म्हणाला, "पट्टी बांधून खेळतो, मग ऑपरेशन करू." खरं सांगतो, मी आणि भाऊ डगमगलो. एवढी वर्षांची मेहनत, पोलीस भरतीत खेळाडूंचा कोटा असतो तो डोळ्यासमोर.

तेव्हा आण्णा दवाखान्याच्या बाकावर बसून बोलले. माळेगाव, घागर, बैल, सगळं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्याला इचारा. ह्यानं बांधली घागर." भाऊ माझ्याकडं बघायला लागला. आण्णा पोराला म्हणाले, "आमच्या घरी बैल न्हवता, म्हनून म्या खांदा घातला. तुज्या घरी काय कमी हाय?"

ऑपरेशन झालं. पोरगा दोन महिने आण्णांशी बोलला नाही. निवड झालेल्या संघात त्याचा मित्र गेला, त्याचे फोटो ह्याच्या मोबाईलवर येत राहिले. आम्ही बरोबर केलं हे त्याला पटलं आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या वयात मलाही पटलं नसतं.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमधली निशा दहियाची कुस्ती घरात सगळे बघत होतो. उत्तर कोरियाच्या मल्लाविरुद्ध ती पुढं होती, मोठ्या फरकानं. शेवटच्या मिनिटात हाताला-खांद्याला दुखापत झाली. रडत रडत लढली ती. हात लोंबतोय, तरी सोडत नव्हती. 10-8 नं हरली. बघणारे धन्य धन्य म्हणत होते, आणि ती होतीच धन्य. पोरगा हळूच म्हणाला, "आबा, ही बघा, सोडली का हिनं?"

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "न्हाई सोडली. म्या बी सोडली नसती. म्हनून तर बाजूला कुनीतरी शाणं मानूस पाहिजे."

महिन्याभरानं पोळा आला. आमच्याकडं आता एकच जोडी उरली आहे, बाकी कामं ट्रॅक्टरवर. त्यातल्या एका बैलाला खांदेसूज आलेली. आदले आठ दिवस तो औताला नव्हता. पाऊस उघडलेला, रानं वाफशावर, कोळपणी तुंबलेली, तरी नव्हता. आण्णांनी दाव्याला हात लावू दिला नाही. खांद्याला सूज आलेल्या बैलाला जुंपायचं नाही हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. माणसाच्या पोराच्या बाबतीत कळायला मात्र आम्हाला दोन पिढ्या लागल्या.

त्या संध्याकाळी तूप-हळदीची वाटी पोरानं घेतली. दोन्ही हातांनी बैलाचे खांदे मळले, सुजेच्या कडेकडेनं, दाब न देता. झाल्यावर आण्णा नेहमीचंच बोलले, "उरलं आसंल तर आमच्या बी खांद्याला लावा जराक."

ह्यावेळी कुणी हसलं नाही. पोरगा वाटी घेऊन बाजेशी बसला आणि म्हणाला, "सदरा काढा आबा."